शेततळ्यात निघालेलं मडकं आणि माझा रिजेक्ट माल

नाय दादा, माझं अजून तेच म्हणणं हाय. शेततळ्याला निम्मे पैसे माझे, पोकलेन बांधावर उभा, आणि चार मडकी निघाली म्हणून तू काम बंद केलंस! माती लोट अन् खोद पुढं. पाऊस काय मडक्यांसाठी थांबणाराय?

आठवडाभर फोनवर हेच. शेवटी दादा म्हणाला, "येऊन बघ, मग बोंबल." निघालो.

मी मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात. वाकडी, टवका उडालेली फरशी बाजूला काढायची, हे माझं काम. गावी जाताना त्यातलंच एक खोकं नेतो, फुकट मिळतं. अहमदाबादहून संभाजीनगरच्या स्लीपर गाडीत खोक्याचे वेगळे पैसे मागितले. म्हणलं, "फरशी काय झोपून येणाराय का?" क्लीनर म्हणाला, "सोयेगी तो पूरा टिकट लगेगा." दीडशे दिले.

संभाजीनगरात सकाळी उतरलो. नान-खलियाची वेळ नव्हती, पोह्यांवर भागवलं. तुम्ही जेवणाच्या वेळेला उतरा, माझ्यासारखं चुकू नका. पुढं सिल्लोडची एसटी. उन्हाळ्यात खिडकी मिळाली तरी भट्टीचीच हवा येते. फाट्यावर दादा मोटारसायकल घेऊन उभा. खोकं मांडीवर, तोंडं दोघांचीही फुगलेली.

शेतात गेलो तर काळे धोंडे गोल मांडलेले. निम्मा गोल पोकलेननं उचकटलेला, निम्मा जागच्या जागी. मधे हाडं, गंजलेलं पातं, भांडी. तालुक्याहून आलेले साहेब सांगून गेले होते, की राजेरजवाड्यांच्याही आधीची कबर हाय, जाणकार येईपर्यंत हात लावू नका. गावात मात्र दोन पार्ट्या. एक म्हणते खाली सोनं हाय. दुसरी म्हणते, होतं, दादानं घरी नेलं.

आमची आत्या खड्ड्याच्या काठावर भाकरीचा तुकडा ठेवत होती.

"आत्या, कोण कुठला माहीत नाय, अन् तू वाढती?"

"झोपेतून उठवलाय त्याला. पाव्हणा उपाशी ठेवू? का आधी आडनाव इचारू, गण्या?"

मी वाकून एक मडकं बघितलं. तोंडाशी काळं, खाली तांबडं, अन् एका अंगाला चक्क कललेलं. आपली नजर कामाचीच. म्हणलं, "दादा, हा तर रिजेक्ट माल! मेलेला तक्रार करत नाय म्हणून त्याच्या माथी मारला."

दादा आठवड्यात पहिल्यांदा हसला. वहिनी नाय हसली.

"भाऊजी, घरात तेवढंच असंल. तेच दिलं."

मी मडक्यापासून मागं सरलो, पण वहिनी थांबली नाय.

"आपल्या ओट्याच्या फरश्या कुठं सरळ हायेत? पण तुम्ही मांडीवर घेऊन आलात म्हणून मी सगळ्या गल्लीला दाखवल्या."

मोटारसायकलच्या सीटवर खोकं तसंच ठेवलेलं होतं. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं अन् दादाला म्हणलं, "उताराच्या कोपऱ्यात पाणी थांबतं का रे?"

"थांबतं. पण नवा खड्डा म्हणजे पोकलेनचं भाडं पुन्हा पहिल्यापासून."

"ते फोनवर भांडू."

बघायला जाणार असाल तर शेतमालकाला आधी विचारा, खापर खिशात घालू नका, अन् भाकरी सोबत न्या. आत्या तुमच्याकडून पण वाढून घेईल.

आता परत मोरबी. वाकडी फरशी समोर आली की हात जरा थांबतो, अन् मुकादम ओरडतो. मी मनात म्हणतो, ओरड, कुणाच्या तरी ओट्याला लागंल ती.

दादा, मी हरलो असं गल्लीत सांगू नको. तो गोल हाय तसा राहू दे. पाऊस यायच्या आत उताराच्या कोपऱ्यात मशीन लाव. भाड्याचे पंधरा हजार, अन् आत्याच्या पाव्हण्याला एक दिवस गोडाधोडाचं म्हणून वर पाचशे. साडेपंधरा हजार टाकतोय.