बोटीला ‘ये’ म्हणणारा सिदेरिस

आमच्या बेटाला बोट कॅप्टनच्या मर्जीने लागत नाही, सिदेरिसच्या मर्जीने लागते. कॅप्टनला विचारा, तोही हेच सांगेल. बोटीच्या कंपनीला मात्र विचारू नका. त्यांच्या लेखी सिदेरिस म्हणजे धक्क्यावर दोर पकडणारा माणूस, आणि पगारही तेवढाच.

मी त्याच धक्क्यावरच्या माझ्या छोट्या दुकानात तिकिटं विकते. एकतीस वर्षं माझ्या खिडकीतून त्याची पाठ बघत आले आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याआधी फक्त त्याच्या बायकोला, कालिरोईला आहे. माणूस ठेंगणा, मानेला जाड आणि बोलण्यात कमालीचा कंजूष. ‘कालिमेरा’, म्हणजे सुप्रभात, म्हटलं तर मान हलवतो, तीही अर्धीच.

आमचं बंदर दक्षिणेला उघडं आहे. वारा पडला तरी लाटा दोन-दोन दिवस आत येत राहतात. बोट पाठमोरी धक्क्याला येते, फळी टाकते, आणि माणसं, बकऱ्या, गॅसच्या टाक्या असं सगळं पाच-सात मिनिटांत चढतं-उतरतं. तेवढा वेळ दोर टिकला पाहिजे. म्हणून भूशिराला वळसा घातला की कॅप्टन मिल्तोस वायरलेसवर एकच प्रश्न विचारतो, “काका, काय म्हणतंय?”

सिदेरिस तेव्हा समुद्राकडे ढुंकूनही बघत नाही. धक्क्याच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, त्यातली वरून तिसरी तो बघतो. ती बुडाली की मोजायला लागायचं. पुन्हा बुडेपर्यंत वीस झाले तर “ये”, त्याआधीच बुडाली तर “नको”. पुढे चर्चा नाही.

चर्चा एकदाच झाली होती. अकरा वर्षांपूर्वी गावच्या सणाला बिशप यायचे होते. अख्खं गाव धुतलेल्या कपड्यांत धक्क्यावर उभं, आणि मोजणी चौदाच्या पुढे जात नव्हती. सगळे त्याच्या मानगुटीवर बसले. मी सगळ्यात पुढे होते, खोटं कशाला बोलू. शेवटी तो “ये” म्हणाला. दोर तुटला आणि फटका त्याच्याबरोबर दोर धरणाऱ्या फ्रांगूलीच्या गुडघ्यावर बसला. बिशप सुखरूप उतरले. फ्रांगूली आजही लंगडतो आणि आजही सिदेरिसबरोबरच पत्ते खेळतो. पण त्यानंतर धक्क्यावर कोणी तोंड उघडलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं. सिदेरिसची एकुलती एक मुलगी असिमीना पिरेयसला, तिकडच्या मोठ्या बंदराच्या शहरात, नर्स आहे. तिचं लग्न रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिथल्याच चर्चमध्ये ठरलं होतं. नवरीला चर्चच्या दारापर्यंत बापाने न्यायचं आणि नवऱ्याच्या हाती द्यायचं, ही आमची रीत. आई-बाप गुरुवारच्याच बोटीने निघणार होते, पण वाऱ्यामुळे बंदी घालून बोटी पिरेयसलाच बांधून ठेवल्या. बंदी शनिवारी सकाळी उठली. म्हणजे लग्नाआधी पोहोचायला हाताशी शनिवार दुपारची ही एकच बोट.

दुपारी बारा वाजता सिदेरिस नवा सूट घालून धक्क्याच्या टोकाला उभा होता. कालिरोई बदामाच्या मिठाईच्या सहा डब्यांशेजारी. वारा पार पडला होता, ऊन छान होतं, आणि लाटा मात्र एकामागून एक आत येत होत्या.

“सोळा,” सिदेरिस म्हणाला.

“भरभर मोज,” कालिरोई म्हणाली.

“भरभर मोजून समुद्र फसतो का?”

“समुद्राला कोण फसवतंय? तू मिल्तोसला सांगायचंयस.”

मलाही राहवलं नाही. “सिदेरिस, सोळा आणि विसात असा काय मोठा फरक आहे रे?”

“फ्रांगूलीचा गुडघा.”

फ्रांगूली तिथेच बाकावर बसला होता. त्याने काठीने दुसरा पाय ठोकून दाखवला. “हा आहे की शाबूत अजून. पोरीचं लग्न आहे. म्हण ये.”

सिदेरिसने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात बोट भूशिरामागून बाहेर आली आणि वायरलेस खरखरला.

“काका, काय म्हणतंय?”

कालिरोईने त्याची बाही पकडली. त्याने पायरी बुडू दिली, पुन्हा बुडू दिली.

“नको, मिल्तोस.”

मग मिल्तोस म्हणाला, “आज तू स्वतः चढणार होतास ना?”

“हो.”

“मी बाहेर थांबतो. परत मोज.”

बोट अर्धा तास बाहेर डोलत राहिली. कठड्याशी उभी माणसं दिसत होती, इतकी जवळ. सिदेरिसने आणखी तीनदा मोजलं, सोळा, पंधरा, सोळा. मग तो म्हणाला, “जा बाबा. तुझ्या बोटीच्या पोटात दोनशे माणसं आहेत.” बोट गेली. कालिरोई मिठाईच्या डब्यावर बसली आणि ढसाढसा रडली. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की मी खिडकी आपटली.

फोन माझ्याच दुकानातून करावा लागला. नंबर मी फिरवला.

“बोट आली नाही?” असिमीनाने विचारलं. माझा फोन जुना, सगळं ऐकू येतं.

“आली होती. आत नाही आली.”

“मिल्तोस घाबरला ना? थांब, त्याला मी बघतेच.”

“त्याला मी नको म्हटलं.”

आता ही फोन आपटणार, असं मला वाटलं. पण त्या पोरीचं बालपण त्या पायऱ्यांवर गेलंय.

“किती होते?”

“सोळा. एकदा पंधरा.”

“मग नकोच,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबा, मी खूप रागावलेय.”

“रागाव.”

“पण तू ये म्हणाला असतास तर मला तुझी भीती वाटली असती.”

लग्न झालं. तिला मामाने नेलं, फोटोत मामाच आहे.

त्याच रविवारी, लग्नाला अर्धा तास असताना, साडेचारला सिदेरिस माझ्या दुकानात आला. पुन्हा तोच सूट, टायची गाठ एका बाजूला गेलेली. मी स्टूल दिलं, तो बसला. थोड्या वेळाने कालिरोई आली. कालपासून ती त्याच्याशी अक्षरही बोलली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले तसा तो उभा राहिला. कालिरोईने पुढे होऊन त्याचा टाय सरळ केला आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.