'कळवतो' या शब्दाचा फळ्यावर लिहिलेला अर्थ

परदेशी पाहुण्यांना आपली बोलायची रीत समजावून कशी सांगायची, हे मी आसेगावात शाळेतल्या पोरांना शिकवतो. त्यापायी माझ्या पोरीची सोयरीक पणाला लागली.

परदेशातून शेती बघायला आलेल्या लीनाबाई आमच्याच घरी आठवडाभर मुक्कामाला होत्या. मराठी तोडकंमोडकं, पण जिद्द भारी! मी त्यांना वर्गात नेलं आणि नववीच्या पोरांना म्हटलं, "सांगा बाईले, आपन तोंडावर नाही कसं म्हनत नाही!" पोरांनी फळाच भरून टाकला. 'पुरे' म्हणजे आणखी वाढा. 'आलोच' म्हणजे तासभर. 'बघू' म्हणजे नाही. 'कळवतो' म्हणजे अजिबातच नाही! बाईंनी सगळं वहीत उतरवलं आणि मी पोरांना शाबासकी दिली. (दुर्बुद्धी, दुसरं काय!)

रविवारी आमच्या पल्लवीला बघायला किन्हीराजाचे पाहुणे आले. मुलगा दवाखान्यात नोकरीला, स्वभावानं गरीब. मी तर मनातल्या मनात मांडवही घातला होता. जयभीम झाला, पोहे आले. मुलाचे वडील "पुरे" म्हणाले मात्र, लीनाबाईंनी आणखी दोन डाव वाढले! ते घामाघूम. बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "तुमाले कोनं सांगतलं होतं असं शिकवाले?"

अखेर पाहुणे उठले. चप्पल घालता घालता मुलाचे वडील म्हणाले, "बरं सर, घरी बोलून कळवतो."

लीनाबाईंनी माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी! "सॉरी, सर. यांचा नकार आहे."

"नकार? कोन म्हनलं?" मुलाचे वडील गर्रकन वळले.

"कळवतो म्हणजे अजिबात नाही. सरांच्या फळ्यावर होतं!"

"काहून हो सर, हेच शिकवता काय शाळेत?"

"नाही हो! म्हणजे... हो... ते आपलं उदाहरण होतं!" मी हात जोडले.

त्यांनी चप्पल परत काढली. (आता भांडणच, मी समजलो.) "मंग ऐका! आमच्याकून हो हाय. आताच, इथंच! पोरगा त मघापासून माह्या कानात हो-हो करून राह्यला!"

माझा जीव भांड्यात पडला. "पल्लवी, सांग बाई, तुले पसंत हाय ना?"

पल्लवीनं ओढणी सारखी केली आणि गोड हसून म्हणाली, "कळवते, बाबा."

"हो हो, सावकाश कळव!" म्हणत मी खुशीत पेढ्यांचा डबा उघडला.

लीनाबाईंनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं आणि हळूच डब्याला झाकण लावलं. अख्ख्या घरात धडा कळला नव्हता तो एकट्या मास्तरालाच!