बसऱ्याची टोपी

टोपीचा काठ दोन बोटांत धरायचा, डाव्या भुवईपर्यंत खाली ओढायचा आणि म्हणायचं, "टोपी तिरपी, माणूस सरळ." एवढं झालं की कप्तानचा दिवस सुरू झाला असं समजायचं. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. फौजेशी त्याचा संबंध एवढाच, की मोहिमेवर घालायच्या जुन्या फौजी टोप्या तो जमवायचा. नुसत्या जमवून थांबला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तो त्या घालायचा.

कप्तान हे नाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, ते तिथंच राहिलं. उंची पाच फूट तीन इंच. मिशी मात्र सहा फुटी माणसालाही पुरून उरली असती. या माणसावर रुंद काठाची खाकी फेल्ट हॅट चढली की लांबून नुसती टोपीच चालत येतेय असं वाटायचं. आपल्या ओळखीत असा एक तरी माणूस असतोच, ज्याच्याआधी त्याची वस्तू पोचते. कुणाची छत्री, कुणाचा खोकला. आमच्याकडे टोपी होती.

गेटवर सुरक्षेचे प्रमुख म्हणून एक निवृत्त सुभेदार होते. हे खरे सुभेदार, फर्दापूरकडचे, दोन लढाया पाहिलेले. त्यांनी फौजेचा विषय कधी स्वतःहून काढला नाही. ज्यांनी पाहिलेलं असतं ते सहसा काढत नाहीत. ते काम आपण त्यांच्यासाठी करतो. कप्तान रोज सकाळी त्यांच्यासमोर स्कूटर थांबवून क्षणभर ताठ बसायचा. कशाची तरी वाट बघितल्यासारखा.

सुभेदार म्हणायचे, "टोपी काढा, चेहरा दाखवा, आत जा."

"साहेब, चेहरा कालच बघितलाय की."

"काल टोपी दुसरी होती."

टोप्या एकूण एकोणचाळीस. निम्म्याहून जास्त छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून आणलेल्या. तिथं जुनी कुलुपं, बिनकाट्याची घड्याळं आणि एकेकटे बूट विकणारे एक चाचा बसत. कप्तान दिसला की ते लांबूनच ओरडत, "आओ कप्तानसाब, आपके नाप का सर आया है!" आणि पोत्यातून एखादी चेपलेली टोपी काढत. ती घरी येई. केटलीच्या वाफेवर धरून कप्तान तिच्या खळ्या नीट करी, आत डांबरगोळी ठेवी आणि स्टोअरकीपरच्या सवयीनं तिला सुतळीनं एक बिन कार्ड बांधी. नाव काय, माप काय, आवक कुठून, वापर कधी. कार्डाशिवाय त्यानं कारखान्यात नट ठेवून घेतला नाही, घरात टोपी ठेवून घेतली नाही.

नावं तो मोहिमांवरून ठेवायचा. एका बाजूनं काठ वर मुडपलेली ती बर्मा. आतून भेंडाची असलेली, वर पांढरं कापड चढवलेली ती आफ्रिका. त्यामुळे त्यांच्या घरातलं साधं बोलणंही युद्धखात्यासारखं झालं होतं. मी एकदा सकाळी गेलो तर वहिनी म्हणाल्या, "बसा भावजी. बर्मा भिजलाय, आफ्रिका सापडत नाय, म्हणून अडकलेत." आणि चहा देताना हळूच, "घरात डोकं एक, तेही भरवशाचं नाय, अन् टोप्या एकोणचाळीस. माझ्या पैठणीला एक डांबरगोळी नाय, बर्म्याला चार!"

हेल्मेटची सक्ती आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता कप्तान शरण येणार. दुसऱ्या दिवशी तो हेल्मेट घालून आला. हेल्मेटवर टोपी होती, हनुवटीखाली पट्टा आवळलेला. सिडको चौकात हवालदारानं अडवलं. मी मागेच बसलो होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

"काका, हे काय?"

"आत कायदा, वर इज्जत. कायदा मोडलाय का?"

हवालदारानं टोपीखाली बोट घालून हेल्मेट चाचपलं. कायदा जागेवर होता. हेल्मेटच्या वर काय घालू नये याबद्दल सरकारनं काही म्हटलेलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "जावा. पण आमचे साहेब यायच्या आत जावा."

आता बसऱ्याबद्दल. एकोणचाळिसांत ती त्याची सगळ्यात लाडकी. चार खळ्यांची, खाकी, समोर दोन बारीक भोकं. तिथं कधीकाळी बिल्ला असणार. ती तो कधीच घालत नसे. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ती एकटी. पाहुण्यांना आतल्या चामडी पट्टीजवळचा तपकिरी डाग दाखवून तो सांगायचा, "बसऱ्याच्या तेलाचा डाग. धुतला नाय. धुणारही नाय." कुणाची म्हणून विचारलं तर, "वडिलांची. वडील वर्दीत होते. सगळ्यात पुढं असायचे." यापुढे एक शब्द नाही.

मी स्वभावानं संशयी माणूस आहे. पहिल्या महायुद्धातली बसऱ्याची मोहीम आणि कप्तानच्या वडिलांचं वय यांचा मेळ मी एकदा कागदावर घालून पाहिला. वडील जन्माच्या दहा-बारा वर्षं आधीच लढून परत आले होते. शिवाय बसऱ्याच्या बिन कार्डावर 'आवक' हा रकाना कोरा होता. सगळ्या घरात तो एकच कोरा रकाना. कप्तानसारख्या माणसानं कोरी जागा सोडावी, म्हणजे तिथं काहीतरी भरलेलं होतं. पण कागद मी फाडून टाकला. लोकांच्या वडिलांत आपण किती शिरायचं?

एकदाच तो या टोपीबद्दल मोकळं बोलला. सुभेदार कारखान्यातून निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांचा निरोपसमारंभ आटोपून आम्ही घरी निघालो होतो. कप्तान म्हणाला, "बावीस वर्षं गेटवर थांबलो. मला सलाम नको हो. मी कोण? एकदा फक्त एखाद्या खऱ्या फौजी माणसानं बसऱ्याला सलाम करावा. मग मी मोकळा."

पुढं आम्हीही दोघं निवृत्त झालो. कॉलनीच्या वाचनालयाचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं, आणि एका वर्षी मीच सुचवलं की सव्वीस जानेवारीला वाचनालयाच्या हॉलमध्ये कप्तानच्या टोप्या मांडू. उद्घाटनाला सुभेदार. कप्तान इतका हरखला की आठवडाभर त्यानं एकच टोपी घातली.

सकाळी झेंडावंदन झालं. सुभेदार दहाला येणार होते. टेबलांवर पांढऱ्या चादरी घालून आम्ही टोप्या मांडत होतो. बसरा मी मधल्या टेबलावर ठेवत होतो, तेवढ्यात आतली चामडी पट्टी उलटी झाली. पट्टीच्या मागच्या बाजूला जांभळ्या शाईचा शिक्का होता. फिकट, पण वाचता येणारा. 'ब्रास बँड पार्टी, लासूर स्टेशन.' खाली आकडा, ७.

मी पट्टी परत आत सारली. मान वर केली तर कप्तान माझ्याकडेच बघत होता.

"वाचलं व्हय?" तो म्हणाला. "मला वाटलं, वाचनालयवाले नुसतं कव्हर बघतात."

मला हसू आलं, आणि आलं त्याची लाजही वाटली. तो टेबलाच्या कडेला टेकला. त्या दिवशी पाहुण्यांचा मान म्हणून तो बोडका आला होता. बिनटोपीचा कप्तान मी तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिला. लहान डोकं होतं.

"बाप क्लॅरिनेट वाजवायचा," तो म्हणाला. "डोक्यावर साहेबाची टोपी, पँटला लाल पट्टी, पायात स्लीपर. बुटांपर्यंत कुणाचंच बजेट पुरायचं नाय. वरात मांडवाच्या दारात पोचली की नवरदेव आत, बाप बाहेर. सगळ्या पंगती उठल्या की बँडवाल्यांना बोलावणं. आम्ही चार भावंडं. टोपी उलटी करायची, आत कागद घालायचा अन् कागदात बुंदी. तशी टोपी छातीशी धरून पायी घरी यायचा. कागदातून पाक झिरपायचा."

मी डागाकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "तेच बसऱ्याचं तेल."

"आणि बाकीच्या अडतीस?"

"त्या अस्सल हायेत. एक एक बघून घेतलीय. ही एकटी कपाटात ठेवली असती तर लोक हसले असते. बँडवाल्याची टोपी! पलटणीत उभी केली, मग कोण हसतो?" मग कार्ड हातात घेऊन, "काय लिहू सांगा. सुभेदार आत्ता येतील. त्यांच्या नजरेतून सुटायची नाय."

"खरं लिहा."

त्यानं पेनचं टोपण काढलं. बाहेर स्कूटर थांबली. त्यानं टोपण परत लावलं.

सुभेदारांनी फीत कापली आणि एकेक टेबल बघत निघाले. हात मागे बांधलेले, गेटवर असत तसेच. बर्म्यापाशी थांबले, मान हलवली. आफ्रिकेपाशी म्हणाले, "हिला उन्हात ठेवा, कीड लागंल." मागे कॉलनीची पंधरा-वीस माणसं, वहिनी, मी. मधल्या टेबलापाशी ते आले आणि थांबले. बसरा उचलली, भोकांवरून अंगठा फिरवला, आत बघितलं, कार्ड उलटून बघितलं.

"ही कोणत्या पलटणीची?"

कप्तानला एक शब्द पुरला असता. वर्षानुवर्षं तोच शब्द पुरला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं.

"वरातीच्या," तो म्हणाला. "ब्रास बँड, लासूर स्टेशन. माझ्या बापाची टोपी हाय साहेब. क्लॅरिनेट वाजवायचे."

मागे कुणीतरी खुसकन हसलं. वहिनींनी वळून अशी नजर टाकली की हसणारा पेपर वाचायच्या टेबलाकडे निघून गेला.

"हा डाग?"

"बुंदीचा."

सुभेदारांनी टोपी नाकाजवळ नेली. खरंच नेली. मग दोन्ही हातांनी जागेवर ठेवली, काठ सरळ केला आणि म्हणाले, "एक टोपी द्या."

"काय?"

"फौजी माणूस उघड्या डोक्यानं सलाम करत नसतो. माझी सकाळी झेंड्याला घातलेली घरी राहिली. द्या एक."

कप्ताननं हाताला लागली ती दिली. बर्मा. कप्तानच्या मापाची टोपी सुभेदारांच्या डोक्यावर पातेल्यावरच्या ताटलीसारखी बसली. कुणी हसलं नाही. मी सलामांचा शौकीन नाही. हातवारे करणाऱ्यांपेक्षा ज्यांना ते सहन करावे लागतात त्यांच्या बाजूनं मी आयुष्यभर राहिलो आहे. पण सुभेदारांच्या टाचा जुळल्याचा आवाज आला तेव्हा माझीही पाठ सरळ झाली, हे नाकारून उपयोग नाही. एका टोपीनं दुसऱ्या टोपीला कडक सलाम केला.

हात खाली घेऊन सुभेदार म्हणाले, "फौजेत सलाम टोपीला असतो, डोक्याला नसतो. कैक रिकाम्या डोक्यांना केलाय मी. ही तर कामावरची टोपी हाय." मग बर्मा काढून कप्तानच्या हातात देत, "बावीस वर्षं तोंड का नाय उघडलं? गेटवरच केला असता."

कप्तानची दोन बोटं टोपीचा काठ धरायला वर गेली. काठ नव्हता. बोटं तशीच हवेत राहिली, मग ती त्यानं डोळ्यांकडे नेली. वहिनी म्हणाल्या, "आता तरी कार्ड भरा."

त्यानं भरलं. आवक, लासूर स्टेशन. वापर, लग्नसराई.

त्यानंतर तो बदलला वगैरे काही नाही. हेल्मेटवर टोपी चालूच राहिली. फक्त बसऱ्याला तो बसराच म्हणायचा आणि पाहुण्यांना आता पूर्ण हकिकत सांगायचा, इतकी पूर्ण की वहिनी मधेच चहा परत गरम करून आणायच्या. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. अडतीस टोप्या वहिनींनी कार्डांसकट वाचनालयाला दिल्या. एकोणचाळिसावी घरी आहे. त्याच्या फोटोला हार नाही. चौकटीच्या कोपऱ्यावर बसरा अडकवलेली आहे. तिरपी.

मागच्या महिन्यात संध्याकाळी जालना रोडवर मी एका वरातीमागे अडकलो. हल्ली वराती म्हणजे ट्रकवर रचलेले स्पीकर. पण ही जुन्या पद्धतीची होती, बँडची. मागे गाड्यांचे हॉर्न, पुढे घोड्यावर घाबरलेला नवरदेव. बँडच्या शेवटच्या रांगेत, माझ्या स्कूटरला लागूनच, एक म्हातारा क्लॅरिनेटवाला होता. डोक्यावर साहेबाची टोपी, पँटला लाल पट्टी. पायांकडे बघायची मला गरज नव्हती, तरी बघितलं. स्लीपर.

माझा हात वर निघाला आणि अर्ध्यात थांबला. मी बोडका होतो. आमच्या शहरात हेल्मेट डोक्यापेक्षा आरशावर जास्त असतं, माझंही तिथंच लटकत होतं. मी ते काढलं, घातलं, पट्टा आवळला. तिरपं करून पाहिलं, पण हेल्मेट तिरपं होत नाही. मग कडक सलाम ठोकला.

क्लॅरिनेटवाल्याचे दोन्ही हात कामात होते. त्यानं भुवया उंचावल्या, वाद्य आभाळाकडे केलं आणि एक लांब, उगीचच लांब सूर काढला.

त्याच्या पलीकडे चौकातला ट्रॅफिक हवालदार उभा होता. आपल्याला बघताच एक माणूस घाईघाईनं हेल्मेट घालतो आणि वर सलामही करतो, हे त्याच्या नोकरीत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं पोट आत घेतलं, टोपी नीट केली आणि मला तितकाच कडक सलाम परत केला.

मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. त्याच्याही डोक्यावर टोपी होती, आणि तोही कामावर होता.