जिना झाडायचा आठवडा

मी राहतो जर्सी सिटीत आणि भांडतो स्टुटगार्टशी. सकाळी चहाचं आधण ठेवलं की त्या जर्मन शहराचं स्थानिक वर्तमानपत्र फोनवर उघडायचं, भाषांतराचं बटण दाबायचं आणि सुरू व्हायचं. त्यांचं रेल्वे स्टेशन वर्षानुवर्षं खणून पडलंय, म्हणून मी इथे चिडतो. मोटारींच्या कारखान्यांतून माणसं कमी करणार असं वाचलं की माझी झोप उडते. घरभाडी वाढली, ट्रामवाल्यांचा संप झाला, बाहेरच्यांना हाकला म्हणणाऱ्यांची पोस्टरं खांबाखांबावर लागली, बालवाडीत पोरांना जागा नाहीत. आता मला बालवाडीचं काय करायचंय? पण तेही वाचतो. माझ्या स्वतःच्या इमारतीत, एकतिसाव्या मजल्यावर, शेजारच्या दाराआड कोण राहतं म्हणून विचाराल तर मला ठाऊक नाही.

कारण पोरगी तिथे आहे. माझं तेवढंच माणूस आहे.

अठरा वर्षांपूर्वी नागपूरहून आलो तेव्हा ती सात वर्षांची होती. मी नोकरीच्या व्हिसावर आणि ती माझ्या आधाराने. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा राहिलो तो अजून उभाच आहे. एकविसावं वर्ष पूर्ण झालं की मुलांचा तो आधार संपतो. कायदा तसा आहे. ज्या पोरीला मराठीपेक्षा इंग्रजी सोपं जातं, जिच्या सगळ्या मैत्रिणी ह्याच गावात, तिला ह्या देशाने सांगितलं की तुझं तू बघ. तिची आई आदल्याच वर्षी गेली होती. विद्यार्थी म्हणून इथेच राहता आलं असतं, मी हातापाया पडलो. पण ती माझ्यासारखीच डोक्याने गरम. म्हणाली, "बाबा, त्यांना मी नको, तर मलाही ते नकोत." आणि स्टुटगार्टला शिकायला गेली. तिथेच नोकरीला लागली.

चार वर्षं मी तिला फक्त फोनच्या काचेत बघतोय. मी इथून बाहेर पडलो तर परत यायला पासपोर्टवर नवा शिक्का लागतो, तो भारतात जाऊन घ्यावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत नोकरी राहील ह्याचा भरवसा कोण देणार? म्हणून रविवारचा फोन. इथले सकाळचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे तीन. बाकी सहा दिवस मी ऑफिसात बोलतो तेवढंच. रविवारी मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. हसा खुशाल.

तिथे घर मिळणं म्हणजे नोकरी मिळण्यापेक्षा अवघड. एका खोलीसाठी शंभर-शंभर अर्ज. आठ महिने ती पाहुण्यासारखी ह्याच्या-त्याच्याकडे राहिली. शेवटी ऐंशीच्या घरातल्या एका आजीबाईंनी तिसऱ्या मजल्यावरची जागा दिली. त्या स्वतः तळमजल्यावर राहतात. बाप म्हणून माझं जामीनपत्र मागितलं, मी सही करून पाठवलं. त्यामुळे त्यांचा ईमेल पत्ता माझ्याकडे होता. नसता तर बरं झालं असतं.

तिच्या वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं होतं, दोघंही इंजिनियर. पोरगी त्यांना ताई-दादा म्हणायची. दर शुक्रवारी रात्री तिचं जेवण त्यांच्याकडे. दोन वर्षांत तिचं मराठी असं सुधारलं की मीच थक्क झालो. फोनवर मला म्हणाली, "बाबा, उगाच डोकं खाऊ नका." मी आनंदाने हसलो. परक्या मुलखात तिला आपल्या भाषेत दटावणारं कुणीतरी मिळालं होतं. मला अठरा वर्षांत मिळालं नाही.

एका रविवारी ती धापा टाकत फोनवर आली. हातात लांब दांड्याचा झाडू. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "ह्या आठवड्यात जिना माझ्याकडे आहे. काल राहिला. खालपासून वरपर्यंत झाडायचा, पुसायचा, आणि बाहेरचा फुटपाथही." दारावर लटकवलेली एक छोटी लाकडी पाटी दाखवली. ती पाटी दारावर आली की त्या आठवड्याचं झाडणं त्या घराचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती का गेली हे सांगायला हवं. माझे आजोबा वर्धेकडच्या एका गावात चावडी झाडायचे. पाळी म्हणून नव्हे, जन्माला आले म्हणून. पहाटे उठून चावडी, मग पाटलाचं अंगण. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांनी तो झाडू टाकला तो टाकलाच, आणि त्यासाठी मारही खाल्ला. माझ्या वडलांचा घरात एकच नियम होता: आपलं घर आपण लख्ख झाडायचं, दुसऱ्याच्या दारात खराटा धरायचा नाही. मी इंजिनियर झालो त्याहीपेक्षा हा नियम आमच्या घराला मोठा वाटायचा. आणि आता माझी पोरगी, मास्टर्स झालेली, गोऱ्यांच्या जिन्यात वाकलेली.

"तुलाच का सांगितलं?" मी ओरडलो.

"बाबा, सगळेच करतात."

"सगळे म्हणजे कोण? तू पाहिलंस का बाकीच्यांना करताना?"

"बाबा, प्लीज. फक्त झाडू आहे."

फक्त झाडू! मी फोन ठेवला. माझ्या डोक्यात ती खांबावरची पोस्टरं, त्या सगळ्या वाचलेल्या बातम्या, सगळं एकदम उसळलं. तिला सांभाळून घ्यायची सवय आहे, ती खरं सांगणार नाही, हे मी माझं मीच ठरवून टाकलं. कुणाला विचारावं? विचारायला घरात कोण होतं? तिची आई असती तर म्हणाली असती, आधी जेवून घ्या, मग चिडा. न जेवता मी लॅपटॉप उघडला.

त्या आजीबाईंना इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. लिहिलं की आमच्या देशात आमच्या जातीच्या माणसांकडून पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची घाण काढून घेतली गेली. आम्ही अस्पृश्य मानले गेलेले लोक. माझ्या आजोबांनी झाडू टाकला तो माझ्या मुलीने तुमच्या जिन्यात उचलावा म्हणून नव्हे. तिच्याकडून हे काम करून घेणं ताबडतोब थांबवा. खाली नाव, पदवी, सगळं. आणि पाठवून दिलं.

गंमत बघा. इथे ऑफिसात पुण्या-मुंबईची मंडळी जेवताना सहज विचारतात, "मूळचे कुठले तुम्ही?" मी म्हणतो, नागपूर. "नागपूरचे म्हणजे नेमके?" मी म्हणतो, शहरातलेच. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुठेही खपून जाणारं. एप्रिलमध्ये जयंतीला आपली माणसं जमतात तिथे मी मोकळा बोलतो, निळा फेटासुद्धा बांधतो. पण ऑफिसात, लिफ्टमध्ये, न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेनमध्ये अठरा वर्षं मी तोंड उघडलं नाही. आणि एका अनोळखी म्हातारीला दहा मिनिटांत सगळं लिहून मोकळा झालो.

चार दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य. त्यांनी पाळीच्या तक्त्याचा फोटो जोडला होता. त्यात पहिलं नाव त्यांचंच. खाली लिहिलं होतं की ही त्यांच्या भागातली जुनी रीत आहे, दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टरही झाडतात, आणि गुडघे दुखतात म्हणून त्या स्वतः आता फक्त खालच्या पायऱ्या झाडतात. वाचता वाचता मी एकटाच लाजून चूर झालो. हट लेकाच्या, म्हटलं, काय करून बसलास.

मग शेवटचा परिच्छेद वाचला. "तुमच्या पत्रातल्या काही गोष्टी मला नीट समजल्या नाहीत. जात म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी ते पत्र वरच्या मजल्यावरच्या तुमच्याच देशाच्या जोडप्याला वाचायला दिलं. त्यांनी मला सगळं फार छान समजावून सांगितलं."

 त्या बाईचा काही दोष नाही. तिने बिचारीने प्रामाणिकपणे समजून घ्यायला पाहिलं. पण त्या जोडप्याने काय समजावलं असेल? किती छान समजावलं असेल?

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मी केला, तिने उचलला नाही. मेसेज आला, "बिझी आहे." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी शर्ट घालून दोन तास बसून राहिलो, मग तसाच नदीकाठी गेलो. बाकावर जोडपी, कुत्री, पोरं, सगळं जग तिथे होतं. एका माणसाने मला फोटो काढून द्याल का म्हणून विचारलं. आठवडाभरात ऑफिसबाहेर माझ्याशी कुणी बोललेलं तेवढं एकच वाक्य. मी त्याचे सहा-सात फोटो काढले. मला तिथून निघायचं नव्हतं.

चौथ्या रविवारी तिने फोन केला. रडून झालेला चेहरा बापाला कळतो. मी म्हणालो, "चुकलो गं बाई. मला वाटलं तुला..."

"आजींनी मला पत्र दाखवलं. मला माहितीय तुम्हाला काय वाटलं."

मग तिने सांगितलं. तक्त्यात तिच्या आधी वरच्या ताईंची पाळी असते. त्यांचा आठवडा संपला की ताई पाटी घेऊन खाली यायची, बेल वाजवायची, आणि सोबत डब्यात काहीतरी असायचं, थालीपीठ, अळूवड्या. पाच मिनिटं म्हणून यायची आणि तासभर बसायची. ह्या वेळी बेल वाजलीच नाही. ती ऑफिसातून आली तेव्हा पाटी दाराच्या मुठीला अडकवलेली होती. त्याच्याही आधी, पत्रानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी जेवणाचं काही बोलणं नव्हतं. तिने मेसेज केला तर उत्तर आलं, "अगं, सध्या जरा गडबड आहे." पुढच्या शुक्रवारीही गडबडच.

"आणि मग परवा ताई जिन्यात भेटली," ती म्हणाली. "हसून बोलली. म्हणाली, आम्ही दोघंही इतके दमून येतो गं. तू तुझा जिना करतेसच, तर आमचाही आठवडा तूच करत जा ना. तुला काय, जमतं ते."

माझ्या तोंडून शिवी गेली. पोरीसमोर मी कधी शिवी देत नाही.

"तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. म्हटलं, तुमचा तुम्ही करा. ती म्हणाली, अगं चिडतेस काय, सहज विचारलं." मग तीच म्हणाली, "आणि बाबा, कदाचित खरंच सहज विचारलं असेल. ती तशी वाईट नाहीये. दोन वर्षं मी तिच्या घरात जेवले. ताप आला तर रात्रभर बसली होती माझ्याजवळ. पण आता ती काहीही बोलली तरी मी विचार करत बसणार, की हे आधीचं आहे की पत्रानंतरचं."

मी म्हणालो, "दुसरं घर बघ. मी पैसे पाठवतो."

"हे मिळायला आठ महिने लागले होते."

"मग त्या आजीबाईंना सांगतो मी, की त्या जोडप्याला..."

"बाबा!" ती इतक्या जोरात ओरडली की मी दचकलो. "तुम्ही कुणाला काही सांगणार नाही आहात."

  मग अगदी हळू आवाजात, आधी इंग्रजीत आणि मग मला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "मी सांगणार होते तिला. ताईला. मला तिला सांगावंसं वाटायला लागलं होतं. एखाद्या शुक्रवारी, जेवताना, माझ्या शब्दांत. पणजोबांचं वगैरे नाही, माझं. तिने काय केलं असतं मला माहीत नाही. पण ते माझं होतं सांगायला. तुम्ही तिथे बसून मला न विचारता सांगून टाकलंत."

 मी माझ्यापुरतं ते अठरा वर्षं उरात दाबून ठेवलं होतं, कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे दर वेळी मोजूनमापून ठरवत आलो होतो. तो हक्क तिलाही आहे हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. आपण चांगल्यासाठीच करतोय ह्या खात्रीइतकं माणसाला आंधळं दुसरं काही करत नाही.

"खरंय," मी म्हणालो. "ते तुझं होतं."

तिने डोळे पुसले. जेवलात का विचारलं. मी हो म्हणालो, जेवलो नव्हतो तरी. तिला फोन ठेवायची घाई दिसत होती आणि मला तो ठेवू द्यायचा नव्हता. म्हणून जे विचारायला नको होतं तेच विचारलं.

"आता पुढे तुला तिथे काही झालं, कुणी काही बोललं, तर मला सांगशील ना?"



"बघू, बाबा," ती म्हणाली.