डाग्नीबाई बसत नाहीत

डेन्मार्कमधल्या आमच्या उल्फबोर्गच्या आसपास गेल्या अडतीस वर्षांत ज्याचं लग्न झालं, किंवा जो मेला, त्याचं जेवण डाग्नी ब्येरेगोर यांनी रांधलं. बारशी आणि लग्नाचे पंचविसावे वाढदिवस वेगळेच. गावच्या हॉलचं स्वैपाकघर म्हणजे बाईंचं राज्य. साठ माणसं येऊ देत नाहीतर दोनशे, सूप, भाजलेलं मांस, उकडलेले बटाटे आणि त्यावरचा तपकिरी रस्सा ठरल्या मिनिटाला टेबलावर हजर. रश्शाचं तर काय सांगू! आमच्याकडे दोन सख्खे भाऊ शेताच्या बांधावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण तो रस्सा आला की भांडं एकमेकांकडे सरकवायचे. मुकाट्यानं, पण सरकवायचे.

बाईंना एकच खोड होती. त्या बसत नसत. बसलं की रस्सा बुडाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. कुणी फारच आग्रह केला तर खुर्चीच्या कडेवर टेकायच्या आणि अर्ध्या मिनिटात कुणाची तरी रिकामी बशी उचलून आत.

तर या वसंतात त्यांच्या नातीचं, लीवाचं, कन्फर्मेशन होतं. चौदाव्या वर्षी पोरांनी चर्चमध्ये देवाला हो म्हणायचं आणि घरच्यांनी गोतावळा जेवू घालायचा, ही आमची रीत. बाईंनी बटाट्याची जात महिनाभर आधीच ठरवून ठेवली होती. आणि बेकरीत पाव घेताना त्यांना कळलं, की मुलानं, त्रोल्सनं, होल्स्टेब्रो शहरातला आचारी सांगितलाय, तोही लीवाच्याच हट्टानं. बेकरीवालीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरं, पण ती खोटंही बोलत नाही.

कारण डाग्नीबाईंना उघडच दिसत होतं. नाताळपासून पोरगी व्हीगन झाली होती. मांस नाही, अंडं नाही, लोणी नाही, मधसुद्धा नाही. म्हणजे आता आजीची भांडी बाटली! सख्ख्या नातीच्या जेवणाला परका आचारी, मग गावात तोंड कुठं दाखवायचं?

पण त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे मनाला लागलेलं कुणी बोलत नाही, हवेपाण्याचं बोलतात. लीवानं विचारलं, "आजी, माझा ड्रेस घ्यायला कोपनहेगनला येतेस? आपण दोघीच जाऊ." त्यावर बाई म्हणाल्या, वारा फार आहे, पण येते. मनात बेत वेगळाच होता. हे व्हीगन जेवण एकदा डोळ्यांनी बघायचं, शिकून घ्यायचं, आणि त्या होल्स्टेब्रोवाल्याला घरी बसवायचं.

ड्रेस दुपारीच मिळाला. संध्याकाळी लीवा त्यांना तिच्या आवडीच्या व्हीगन हॉटेलात घेऊन गेली. तिथं कुठल्याही दोन खुर्च्या एकमेकींसारख्या नव्हत्या. पोरीनं सेलेरीचा भाजलेला गड्डा मागवला, बरोबर बटाटे आणि तपकिरी रस्सा. रस्सा हा शब्द ऐकून बाईंचे हात शिवशिवायला लागले. शेजारच्या टेबलावर दोन बशा दिसल्या, त्या त्यांनी सवयीनं उचलून एकात एक घातल्या. दुसऱ्या बशीचा मालक अजून जेवत होता. त्याचा काटा हवेतच राहिला. लीवा शरमेनं लाल झाली. बाई म्हणाल्या, हात धुऊन येते, आणि उठल्या.

जित्याची खोड! हात धुण्याची जागा डावीकडे होती, पण स्वैपाकघराच्या दारातून बटाटे उतू गेल्याचा वास येत होता. आता सांगा, डाग्नीबाई डावीकडे वळतील?

आत आस्गर नावाचा आचारी एकटाच घामाघूम होऊन चार शेगड्यांशी झुंजत होता. दंडभर गोंदलेला धिप्पाड गडी, पण रडवेला झालेला. एजन्सीनं सहाला मदतनीस बाई पाठवतो म्हटलं होतं, तिचा पत्ता नव्हता. दारात पांढऱ्या केसांची बाई दिसताच त्यानं तिच्याकडे एप्रन फेकला आणि म्हणाला, "उशीर केलात. बटाटे तुमचे."

इतकं प्रेमाचं आमंत्रण बाईंना दिवसभरात मिळालं नव्हतं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि फ्रिज उघडला. लोणी नाही. साय नाही. अंडीही नाहीत.

"इथं चोरी झालीय का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

आस्गरनं समजावलं. बाईंना आपण कुठं आहोत ते आठवलं आणि त्यांनी रश्शात बोट बुडवलं. भांडी विसळल्याचं पाणी बरं! मग त्यांनी कांदे आणि अळंबी कडा काळ्या होईपर्यंत परतली, बटाट्याचं पाणी ओतलं, आणि पर्समधून रश्शात घालायच्या तपकिरी रंगाची छोटी बाटली काढली. बायका पर्समध्ये लिपस्टिक ठेवतात, यांची ही बाटली. व्हीगन हॉटेलात हे चालेल का, म्हणून आस्गरनं लेबल वाचलं. साखर आणि पाणी. अडतीस वर्षं जिल्हाभर गाजलेला तो रंग व्हीगनच होता! बाईंना हसावं की रडावं ते कळेना. आस्गरनं चव घेतली, डोळे मिटले आणि बशा भरायला घेतल्या.

बाहेर लीवाचा जीव टांगणीला लागला होता. चाळीस मिनिटं झाली, आजीचा पत्ता नाही. तिनं हात धुण्याची जागा पाहिली, रस्ता पाहिला. परत येते तो टेबलावर दोन बशा. रश्शातल्या बटाट्याचा एक तुकडा तोंडात घातला मात्र, आणि आजी कुठं आहे ते पोरीला कळलं. ती तडक आत शिरली.

"ही माझी आजी आहे," ती आस्गरला म्हणाली.

"मग एजन्सीची बाई कुठंय?" त्यानं विचारलं.

डाग्नीबाई हातातला डाव सोडेनात. "चव कशी झालीय?"

"तुझीच आहे."

"मग त्या होल्स्टेब्रोवाल्याला नको म्हणून कळव. मला जमतंय की हे." बाईंनी डाव भांड्यात आणखी जोरात फिरवला. "भांडी नको असतील माझी, तर नवी घेते."

"भांड्यांचं काय, आजी?" लीवा गोंधळली. "तो वाईटच रांधतो. मी खाऊन बघितलंय."

"मग तो कशाला?"

"माझ्या बारशाचे फोटो बघितले मी. दोनशे चौदा आहेत. सगळे आहेत त्यात, शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा. तू एकाच फोटोत आहेस, म्हणजे तुझं कोपर आहे, दारातून वाडगा पुढे करताना. या वेळी तू माझ्या शेजारी बसायचंस. त्या जागेवर ठेवायची तुझ्या नावाची चिठ्ठी मी लिहून ठेवलीय."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं, पण हवेपाण्याचंही काही सुचेना. डोळे भरून आले होते आणि एप्रन ओला होता. आस्गरनं हळूच त्यांच्या हातून डाव काढून घेतला.

"अगं, पण तिथं बसून मी करू काय?"

"जेव," लीवा म्हणाली.