थोरल्याचा फेटा

कोडोलीचा गणपतराव जन्मभर गुऱ्हाळावर गूळ शिजवत आला. अंगानं दांडगा, आवाजानं इंजिनाला भारी, आणि मनात हौस एकच: लग्नात थोरल्या माणसाचा पहिला फेटा आपल्या डोक्याला बांधला जावा. साधी हौस हो! पण घरात थोरला भाऊ आकाराम बसलेला. भावकीत कुणाचंही लग्न निघो, पाहुणा फेटा घेऊन सरळ आकारामकडं जायचा. गणपतरावाच्या वाट्याला टॉवेल-टोपी. टोप्यांनी ट्रंक भरली माणसाची! अखेर दोन हजार तीन साली आकाराम गेला. गणपतराव धाय मोकलून रडला, खरंच रडला. पण तेराव्याच्या पंगतीत धाकट्या भावाच्या, जोतीरामच्या कानाला लागून म्हणाला, "आता थोरला मी."

पुढच्या वैशाखात नातीचं, निशिगंधाचं लग्न ठरलं. स्थळ शिरोळचं. आणि गणपतराव बोटांवर वय मोजायला लागला. सत्तरी उलटलेली. आकारामसारखं आपणही गचकलो, आणि तेही फेट्याआधीच, तर?

असल्या भ्यालेल्या माणसाला गाठायला जग टपलेलंच असतं. कोल्हापुरात एका लॉजच्या हॉलात 'चिरतारुण्य' नावाच्या कंपनीची मिटिंग होती, तिथं तो जाऊन बसला. टाय लावलेला एक गुळगुळीत इसम सांगत होता, म्हातारपण हा रोग आहे. शरीरातल्या पेशी गंजतात. गंज थांबवला की वय थांबतं.

गणपतराव उठून उभा राहिला. "सायेब, मग ग्रीस लावून भागंल का?"

भागत नव्हतं. कॅप्सूल घ्यायच्या होत्या, पोट अर्धं रिकामं ठेवायचं होतं, आणि वर तरुण दिसायचंही होतं. आरशात तरुण माणूस दिसला की पेशीही फसतात म्हणे! अहो, बायको फसत नाही तिथं पेशी कशाला फसतील? पण गणपतरावाला पटलं. त्यानं स्वस्तातला कलप फासून केस काळेभोर केले, पांढऱ्या मिशा उतरवल्या, चकचकीत कवळी बसवली. धोतर गेलं, पॅन्ट आली. पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला पळायला लागला. कट्ट्यावरची माणसं ओरडायची, "आण्णा, ह्या वयात गुडघ्याला बाशिंग व्हय?" गणपतराव कवळी दाखवून हसायचा आणि आणखी जोरात पळायचा.

त्याची बायको झुंबरबाई मात्र काही बोलायची नाही. डोक्याचा पार कापूस झालेला, पाठीत वाकलेली. एकदा दोघं एसटीनं कोल्हापूरला निघाली. कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमचं अर्धं. पोराचं मातूर पुरं लागंल." गणपतराव इतका खूश झाला, की त्यानं पुरं तिकीट काढून कंडक्टरला वर चहाचं आमंत्रण दिलं. झुंबरबाईनं तोंड खिडकीकडं फिरवलं. त्या दिवसापासून ती त्याच्या ताटात अर्धी भाकरी वाढायची आणि उठून जायची.

लग्न पेठ वडगावच्या कार्यालयात. फेटा बांधायचा मान नवरदेवाच्या आज्याचा. म्हातारा हट्टी, शिरोळ सोडून कधी न हललेला, मुलीकडच्या कुणाला त्यानं आधी बघितलेलंही नव्हतं. केशरी फेटा घेऊन तो मांडवात आला. गणपतरावानं छाती काढली, डोकं पुढं केलं. आजा त्याला वळसा घालून गेला आणि पांढऱ्या केसांच्या जोतीरामपाशी थांबला! जोतीराम नको नको म्हणेस्तोवर पहिला वेढा बसलासुद्धा.

"ओ पावणं!" गणपतराव गरजला. "थोरला मी हाय!"

"बसा की गप," आजा म्हणाला. "आधी थोरल्यांचं हुं दे."

"अवो, खरंच ह्यो थोरला हाय," जोतीराम कळवळून म्हणाला. आज्याला वाटलं, काय नम्र माणूस! त्यानं दुसरा वेढा आवळला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणून भावकी पोट धरून हसत होती. खरं सांगणार कोण? गणपतरावाचं तोंड रडवेलं झालं. एवढ्यासाठी वर्षभर उपाशी राहिला होता माणूस!

"मुलीच्या आजीलाच इचारा!" तो ओरडला.

आजा झुंबरबाईकडं वळला. "आक्का, ह्यो तुमचा कोण?"

झुंबरबाईनं गणपतरावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला ठावं न्हाय. माझा नवरा म्हातारा हाय."

गणपतरावाचा हात आपल्या काळ्या केसांकडं गेला. मग गर्रकन वळून पाण्याच्या पिंपाकडं गेला आणि तांब्यावर तांब्या डोक्यावर ओतायला लागला. काळे ओघळ कपाळावरनं, नाकावरनं, नव्या शर्टावर. शेवटी त्यानं कवळी काढून खिशात घातली. तोंडाचं बोळकं झालं. बाबौ! शिरोळचा आजा दोन पावलं मागं सरला.

झुंबरबाई उठली. नव्या लुगड्याच्या पदरानं तिनं त्याचं तोंड पुसलं. पदर काळा झाला, तिनं बघितलंही नाही.

"हां. ह्योच माझा."

"मग आदी का न्हाई बोललीस?" गणपतराव बोळक्या तोंडानं पुटपुटला.

"तुमी मागं मागं पळत चाललासा," ती म्हणाली. "मी एकटीच म्हातारी व्हायला लागलेली. लई भ्या वाटत हुतं ओ मला."

गणपतरावानं तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि शेजारी आपण बसला. आज्यानं घाईघाईनं जोतीरामच्या डोक्यावरचा फेटा सोडून आणला आणि गणपतरावाच्या ओल्या डोक्याला बांधला. मंगलाष्टका होईस्तोवर केशरी फेट्याला खालून काळी किनार आली होती.

पंगतीत त्यानं कवळी काही लावली नाही. झुंबरबाईनं जिलबी मोडून मठ्ठ्यात भिजवली आणि त्याच्यापुढं सरकवली. अर्धं पोट रिकामं ठेवायचं तो साफ विसरला.