सत्तावन्न, बाई, अवसरी बुद्रुक

कुसुमअक्का कॅफेत आल्या की आधी पर्समधून कपडे वाळत घालायचा चिमटा काढायच्या. तीन नंबरच्या कॉम्प्युटरचा पडदा गोळा करून त्याला चिमटा लावायच्या आणि मगच खुर्चीत बसायच्या. मंचरच्या त्या इंटरनेट कॅफेत प्रत्येक कॉम्प्युटरला प्लायवूडचा आडोसा होता आणि त्याला पडदा. बाकीची गिऱ्हाईकं बसल्या बसल्या पडदा ओढून घ्यायची. अक्का मात्र कुणी विचारलेलं नसताना मोठ्यानं म्हणायच्या, "मी काय चोरी करती व्हय?"

मी तिथं काउंटरवर होते. दोन हजार दोनची गोष्ट. माझं वय वीस, गाव पारगाव, रोज वडापच्या जीपनं ये-जा. अक्का अवसरी बुद्रुकच्या. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं आणि त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. "सगळा तालुका माझ्या कानातनं बोलला," त्या म्हणायच्या, "पण बाई, तू कोण, कुठली, असं एकानं इचारलं न्हाई."

चॅटरूममध्ये मात्र पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं. स्क्रीनवर तीनच अक्षरं आली: ए एस एल. अक्कांनी मला हाक मारली.

"ए म्हणजे वय," मी सांगितलं. "एस म्हणजे बाई की पुरुष. एल म्हणजे राहणार कुठं. ओळख नसली की सगळे आधी हेच विचारतात."

"मंग लिव की. सत्तावन्न, बाई, अवसरी बुद्रुक."

"अहो अक्का, खरं कुणी लिहीत नाही! वीस, मुंबई, असं काहीतरी टाका."

"का गं? सत्तावन्नाला काय झालं? आन् अवसरीला काय झालं?"

एका बोटानं टकटक करत त्यांनी खरं तेच लिहिलं. समोरचा माणूस तत्काळ गायब. "पळाला," अक्का म्हणाल्या. "पळू दे."

असे रोज दहा-बारा पळायचे. दोघं मात्र टिकली. फिलिपिन्सची एक नर्स आणि नागपूरचे एक रिटायर्ड मास्तर. त्या नर्सला अवसरी नेमकी कुठं ते समजवण्यात अक्कांनी अख्खा तास घालवला. इंग्रजी सगळं एक्स्चेंजमधलं. चहाला उठताना बाकीची पोरं "बीआरबी" टाकायची, म्हणजे आलोच. अक्का पूर्ण वाक्य लिहायच्या, "होल्ड द लाइन प्लीज." मी हसले, तर मला म्हणाल्या, "मानसाला थांबवायचं तर नीट सांगून थांबवावं."

आणि मी? मी चॅटवर पुण्याची होते. पारगाव, साखर कारखान्याचं गाव, मळीचा वास, हे कोण सांगणार! एकदा अक्कांनी काउंटरवरून वाकून माझा स्क्रीन वाचला. "पुन्यात कुठं ऱ्हातीस गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग बाजारात कुजबुज सुरू झाली. बाई परक्या बाप्यांना वय आणि गाव सांगत बसते! एका दुपारी त्यांचा भाचा सुरेश तावातावानं आत आला. "आत्या, ऊठ आधी. माझं लग्न ठरायचंय. लोक तोंडावर हसत्यात राव!"

अक्कांनी आधी होल्ड द लाइन प्लीज टाइप केलं, मग वळल्या. "सुऱ्या, अठ्ठावीस वर्षं परक्या बाप्यांशीच बोलले मी. रातपाळीलासुदिक. तवा पगार घरात येत व्हता, तवा कुनाचं नाक कापलं न्हाई. आता सोतासाठी बोलती, तर कापलं व्हय? जा, न्हाई उठत."

सुरेश गेला, पण जाता जाता मालकाला दम देऊन गेला. मालक महाभित्रा. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: महिलांनी घरच्या माणसासोबतच यावे. अक्कांनी ती वाचली आणि तशाच परत फिरल्या. मला वाटलं, संपलं आता.

तासाभरानं सहा आसनी रिक्षातून त्या उतरल्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईचा हात धरून. "हे माझं घरचं मानूस," मालकाला म्हणाल्या. "हिच्यापरीस मोठं आमच्या घरात कोन न्हाई." आई मालकाशेजारी स्टुलावर बसल्या आणि गुडघ्यांची कर्मकहाणी सुरू झाली. रोज तीच, पहिल्यापासून. पाचव्या दिवशी मालकानं पाटी स्वतःच्या हातानं काढली. मी पोट धरून हसले. अक्कांवरचा माझा राग तिथंच संपला.

सुरेशचं लग्नही झालं, काही अडलं नाही. अक्का येत राहिल्या. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. चॅटवर जिचं वय वाढत गेलं अशी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

त्रेसष्टाव्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात भेटायला गेले, तर सिस्टर कागद भरत होती. अक्का समोर शुद्धीत पडलेल्या, आणि ही विचारतेय सुरेशला. "वय? राहणार?"

"साठ लिवा," सुरेश म्हणाला. "मंचर."

अक्कांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. धाप लागत होती, तरी एकेक शब्द सुटा केला. "त्रेसष्ट. बाई. अवसरी बुद्रुक. मला इचार की गं. मी हाय अजून."

सिस्टरनं खोडून पुन्हा लिहिलं. सुरेश खाली मान घालून उभा राहिला.

चौथ्या दिवशी अक्का गेल्या. दहाव्यानंतर मी कामावर आले. तीन नंबर रिकामाच होता. शेवटच्या दिवशी विसरलेला चिमटा अजून पडद्याला होता. तो तसाच ठेवून मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि चॅट उघडलं. लगेच कुणीतरी विचारलं, ए एस एल? बोटांनी सवयीनं पुणे टाइप केलं. मी ते पुसलं. रडत होते, पण नीट बघून एकेक अक्षर लिहिलं: सव्वीस, बाई, पारगाव.

पळाला.

पळू दे.